शिकायला नवी गाडी का जुनी? २०१९ च्या सेकंडहँड शंभर सीसीचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याले एवढं वाचायचा कंटाळा आहे तो इथूनच मोकळा होईल. खेड्यात राहता अन् गिअरची गाडी पहिल्यांदाच शिकून राहिले, तर नव्या गाडीच्या मागं लागू नका, जुनी शंभर सीसी घ्या. पण जुनी म्हणजे दिसली ती नाही. एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या वर्षभरात बनलेली घ्या. हेच वर्ष काऊन, ते खाली लिहिलं आहे.

मी ग्रामीण डाक सेवक. पोस्टिंग घाटंजी तालुक्याच्या एका कोपऱ्यात, वाटपाची गावं अशी की एसटी सकाळी जाते अन् संध्याकाळी येते, मधात काहीच नाही. सायकलवर निभेल असं वाटलं होतं पण मे महिन्यात पारा ४५ च्या पार गेल्यावर सायकलचा विषय आपोआपच संपला. घरी कधी गाडीच नव्हती, त्यामुळं क्लच म्हणजे काय इथून सुरुवात, तेही तिशीच्या तोंडावर. माझ्या गाडीची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे 'हीच भारी, तीच भारी' करत बसतात अन् मुद्दा राहून जाते. शंभर सीसी, चार गिअर, दोन्ही ड्रम ब्रेक, सेल्फ अन् किक दोन्ही, एमएच २९ पासिंग. एवढं पुरे.

आधी नव्या गाडीचं, कारण मीही पहिले शोरूमलाच गेलो होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, त्यामुळं शंभर सीसीची एक्स शोरूम किंमत चांगली उतरली हे खरं आहे. तरी ऑन रोड होता होता मला नव्वदीच्या घरातला आकडा सांगितला. रोड टॅक्स येते, पासिंग येते, अन् इन्शुरन्स. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांचा घ्यावाच लागते, सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे, शंभर सीसीला तो ३,८५१ रुपये, वरून जीएसटी. हा खर्च वाया जातो असं नाही, पाच वर्षं डोक्याला ताप नाही. पण मग ॲक्सेसरीच्या नावाखाली सीट कव्हर, लेगगार्ड, टाकी कव्हर, कशाकशाचं कोटिंग असं लावत जातात, तिथं तोंड उघडून नाही म्हणा. मी नाही म्हटलं तं पोरगा म्हणे "सर, सगळे घेतात." असन.

शोरूममधली वागणूक चांगली होती, चहा दिला, टेस्ट राइड घेता का विचारलं. आता चालवताच येत नाही त्याने टेस्ट राइड काय घ्यावी! माझ्या भाच्याने घेतली, मी मागं बसलो. गाडी मख्खन. फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक्सनं मोजून इंजिनात जाते, चोक नाही, काही नाही, बटण दाबलं की सुरू. मन तिथंच अडकलं होतं. पण दोन वर्षांचा हप्ता साडेतीन हजाराच्या आसपास बसून राहिला होता, अन् हप्त्यापेक्षाही मला दुसरी गोष्ट नडली. नवी गाडी घरी आली की ती तुमची एकट्याची राहत नाही. कापसाच्या पैशातून दिवाळीला गाडी आली, हार घातला, नारळ फोडलं, मोहल्ला पाहून गेला, आता त्या गाडीला पहिला ओरखडा पडला की आई, बाबा, काका, शेजारी सगळे आळीपाळीनं बोलतात. अन् शिकणारा माणूस पडतेच. वेगात नाही पडत, थांबताना पडते. गाडी जागच्या जागी एका बाजूला कलते, पाय सापडत नाही, अन् अलगद आडवी. त्यात इंडिकेटर जाते, आरसा जाते, क्लचची मूठ वाकते, लेगगार्ड घासते. जुन्या गाडीला या सगळ्याचं सामान तालुक्याला शंभर-दोनशेत भेटते. नव्या गाडीलाही तेवढ्यातच भेटते, पण जीव जास्त जळते. मग पोरं काय करतात, गाडी पडू नये म्हणून चालवतच नाहीत. माझ्या ओळखीत एकाची नवीकोरी गाडी चादर टाकून ओसरीत उभी आहे अन् तो अजून ऑटोनं फिरून राहिला.

आता जुन्या गाडीकडं. आपल्याकडं तीन जागी भेटते. एक, ऑटो कन्सल्टंट, म्हणजे रोडच्या कडेला शेड टाकून पंचवीस-तीस गाड्या पुसून ओळीनं लावलेल्या असतात ते. दोन, फायनान्सवाल्यांनी हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या, त्या यार्डात. तीन, गावातला किंवा शेजारच्या गावातला ओळखीचा माणूस. यार्डातल्या गाड्यांचं मी थोडक्यात सांगतो, नवशिक्याने तिकडं जाऊच नये, गाडी महिनोन् महिने उन्हापाण्यात उभी असते, चालवून पाहू देत नाहीत, अन् मूळ मालक कुठं आहे पत्ता नाही.

कन्सल्टंटकडं मी गेलो होतो, नाव लिहीत नाही, सगळेच तसे असतात असंही नाही. त्याने एक गाडी काढली, २०२१ चं मॉडेल, मीटरवर अकरा हजार अन् काहीतरी. चकचकीत. भाव बावन्न. सोबत आमच्या गावचा मिस्त्री होता, तो काहीच बोलला नाही, खाली वाकून मागच्या टायरकडं पाहत बसला. टायरच्या बाजूला एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. या टायरवर होतं ४०२३, म्हणजे २०२३ च्या चाळिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मिस्त्री म्हणे, "भाऊ, अकरा हजारात मागचा टायर कायले बदलला असन? शंभर सीसीचा टायर तीस-तीस हजार जाते." मग त्याने गिअरच्या पायडलचं रबर दाखवलं, पार गुळगुळीत, एकही रेघ शिल्लक नाही. फुटरेस्टचं रबर मात्र नवं, म्हणजे बदललेलं, गिअरचं बदलायचं राहून गेलं. मीटर मागं फिरवलं आहे हे कळायला तेवढं पुरे झालं. कन्सल्टंट म्हणे आधीच्या मालकानं बदलला असेल टायर, हौस असते एकेकाची. आम्ही चहा पिऊन निघालो.

आता तो वर्षाचा मुद्दा.

१ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या गाड्यांना सीबीएस सक्तीचं झालं, त्याच्या वरच्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं. सीबीएस म्हणजे काही मोठी जादू नाही, मागचा ब्रेक पायानं दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागते. ज्याले चालवता येते त्याले याचं काही वाटणार नाही. पण नवशिक्याचा हात पुढच्या ब्रेकवर जातच नाही, भीती असते की गाडी उलटेल, सायकलपासून तेच डोक्यात बसलेलं असते, अन् घाबरला की तो फक्त पाय दाबते. अशा वेळी पुढचं चाकही थोडं धरते अन् गाडी लवकर थांबते. गिट्टी सांडलेल्या रोडवर मागचं चाक तरीही घसरते हं, सीबीएस म्हणजे एबीएस नव्हे, ते डोक्यात ठेवा. त्याच तारखेपासून बनलेल्या गाड्यांना ती सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट मुळातच लागून आली. म्हणजे जुन्या गाड्यांना नंतर ती लावायची जी पळापळ सुरू झाली, ऑनलाइन नंबर लावा, ४५० रुपये अन् वरून जीएसटी भरा, मग तारखेला जा, ते सगळं वाचलं.

अन् दुसऱ्या बाजूनं १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं, म्हणजे धुराचे कडक नियम, अन् बहुतेक गाड्यांचं कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारा साधा भाग) गेलं, इंजेक्शन आलं. इंजेक्शन वाईट आहे असं मी म्हणत नाही, सकाळी थंडीत सुरू व्हायला ते कधीही चांगलं. पण आमच्याकडं पंप दूर, बाटलीतलं पेट्रोल घ्यावं लागते, त्यात कधी कचरा, कधी पाणी. कार्ब्युरेटर असलं तर त्याच्या वाटीखाली एक स्क्रू असते, तो ढिला केला की घाण बाहेर, हे मलाही आता जमते. इंजेक्शनवाल्या गाडीचा पिवळा दिवा लागला तं गावचा मिस्त्री हात वर करते, स्कॅनर पाहिजे म्हणते, चाला मग तालुक्याला टेम्पोत टाकून. म्हणून एप्रिल २०१९ ते मार्च २०२० अशी एवढीच एक पट्टी आहे की जिच्यात सीबीएसही आहे, नंबर प्लेटही आहे अन् बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटरही आहे; शेवटच्या काही महिन्यांतल्या काही गाड्या आधीच बीएस ६ होत्या, तेवढं पाहून घ्या. आरसीवर बनल्याचा महिना अन् वर्ष लिहिलेलं असते, तेच पाहा, पासिंगची तारीख नाही. शोरूममधे पडून राहिलेली २०१८ ची गाडी २०१९ च्या दसऱ्याला पास झालेली असू शकते, अन् तिच्यात सीबीएस असेलच असं नाही.

या गाड्यांची एक खोटही इथंच सांगतो. यांचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी २०२४-२५ मधे संपला, अन् 'पाच वर्षांचा काढला आहे ना' या भरवशावर लोकांनी नंतर काढलाच नाही. अर्ध्या गाड्या आज बिनाविम्याच्या फिरून राहिल्या. शंभर सीसीला वर्षाचा ७१४ रुपये अन् वर जीएसटी आहे फक्त, पण विमा नसताना पहिल्यांदा पकडलं तं दंड २,००० चा.

मला गाडी भेटली ती शेजारच्या गावच्या एका शिक्षकाकडं, शाळेत जायला-यायला वापरलेली. त्यांच्या पोरानं त्यांना इलेक्ट्रिक घेऊन दिली म्हणून ही विकायची होती. मिस्त्रीने सांगितलं होतं सकाळी लवकर जाऊ अन् आधी फोन करू नको, कारण फोन केला की विकणारा गाडी गरम करून ठेवते. इंजिनला हात लावून पाहिला, थंड. चोक ओढला, किक मारली, दुसऱ्या किकला उठली. मागं सायलेन्सरजवळ हात धरून उभे राहिलो. निळसर पांढरा धूर सतत येत राहिला तर बोअर-पिस्टनचं काम निघते अन् सात-आठ हजार तिथंच गेले. हिचा धूर सुरुवातीला थोडा दिसला, मग साफ.

मग डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी केलं अन् हँडल हळूहळू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेलं. मधोमध आल्यावर 'खट' करून अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या नळीतलं बेअरिंग, गेला. हिचा थोडा अडकत होता. चेन मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चिमटीत धरून ओढली, दात उघडे पडले तर चेन सॉकेट बदलायचा. हिचे अर्धे उघडे पडले. हे दोन्ही भावात कापून घेतलं.

इकडच्या गाड्यांमधे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, जी शहरातले लोक सांगणार नाहीत. मागचा कॅरिअर अन् त्याच्या खालचं मडगार्ड. ज्या गाडीवर युरियाची अन् डीएपीची पोती वाहिली आहेत तिथं रंगाखाली फुगा आलेला असते, नखानं खरवडलं की पत्र्याचा पापुद्रा निघते, कारण खत लोखंड खाते. अशा गाडीचे मागचे शॉकअप अन् मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुशही बसलेले असतात, पोतं सोयाबीनचं असो का खताचं, पन्नास किलोचं वजन अन् वर माणूस. तसंच हेडलाइटची काच खोलून पाहा, आतमधे बारीक मातीचा थर असला म्हणजे गाडी कधीतरी नाल्याच्या पुरात गेलेली आहे. दूध वाहिलेली गाडीही नकोच, ती रोज चालते खरी पण अर्धा वेळ पहिल्या-दुसऱ्यावर, दारोदारी. सरांच्या गाडीवर डबा अन् छत्रीशिवाय काही वाहिलंच नव्हतं, कॅरिअर जसाच्या तसा.

पंचेचाळीस म्हणत होते, एक्केचाळीसला तुटलं. वरून कोनसेट, चेन सॉकेट, ऑईल, बॅटरी अन् मिस्त्रीची मजुरी धरून चार हजाराच्या वर गेले. म्हणजे नव्या गाडीच्या निम्म्याच्या आसपास.

कागदपत्राचं मात्र मनावर घ्या. आपल्याकडं पद्धत अशी की विकणारा टीटी फॉर्मवर सही करून देते, म्हणजे २९ नंबर अन् ३० नंबरचा फॉर्म, अन् म्हणते जा तुझ्या सवडीनं नावावर करून घे. मग ती गाडी चार हात फिरते अन् आरसीवर नाव पहिल्याचंच. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं अन् घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. सरही टीटी देऊन मोकळे होत होते. मी म्हटलं, "सर, टीटी नका देऊ, सोबतच करून टाकू. उद्या माझ्या हातून काही झालं तर भरपाईची नोटीस तुमच्या नावानं येईल." हे खरंच आहे, सुप्रीम कोर्टानं २०१८ मधे सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरायचा, गाडी हातोहात कितीही विकली असली तरी. सर त्याच दिवशी सोबत निघाले. आरसीला त्यांचा जुना मोबाइल नंबर जोडलेला होता, ओटीपी तिकडं जात होता, आधी तो बदलावा लागला, मग अर्ज. गाडीवर आधी फायनान्स होता, हप्ते कधीचेच फिटले होते पण आरसीवर बोजा तसाच. बँकेची एनओसी अन् ३५ नंबरचा फॉर्म जोडल्याशिवाय तो उतरत नाही अन् तो उतरल्याशिवाय नाव चढत नाही. मोटरसायकलची नाव बदलायची सरकारी फी १५० रुपये आहे, एजंटवाले जो आकडा सांगतात तो त्यांचा. विमा अन् पीयूसी चालू पाहिजे, नाहीतर अर्ज पुढंच सरकत नाही. चेसिस नंबर हँडलच्या नळीवर कोरलेला असते, तो आरसीशी एक-एक आकडा जुळवून पाहा, मोबाइलची बॅटरी लावून पाहा, अंदाजानं नाही.

चालवायला कशी आहे म्हणाल तर शिकायला यापेक्षा सोपी गाडी नाही. या वर्गातल्या गाड्या ११०-११५ किलोच्या असतात. आमच्या इथं पोरांना पहिल्याच झटक्यात बुलेट पाहिजे असते, ती १९० च्या वर, पडली तर उचलायला दोन माणसं हाक मारा. मी भाच्यासोबत गावाबाहेर कापणी झालेल्या वावराच्या धुऱ्यावर शिकलो. पहिले नुसतं क्लच सोडणं, ॲक्सिलेटर न देता. गाडी बंद पडते, परत चालू करा, पुन्हा बंद पडते. कार्ब्युरेटरची शंभर सीसी हे मुकाट्यानं सोसते. आडवी पडली तेव्हा उजवा इंडिकेटर फुटला, एवढंच. भाचा हसला, मीही हसलो, नवी असती तर दोघंही रडलो असतो.

खराब गोष्टीही आहेतच. हेडलाइट अंधारात पुरत नाही, पिवळा उजेड पुढच्या पंधरा-वीस हातांवर संपते. आमच्या रोडवर रात्री रोही (नीलगाय) आडवा येते, रानडुकरं येतात, अन् सगळ्यात भेव म्हणजे बिनारेडियमच्या बैलबंड्या. त्यामुळं अंधार पडल्यावर मी चाळिशीच्या वर जातच नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून गेलं की चिखल पुढच्या मडगार्डमधे असा गच्च बसते की चाक फिरणंच बंद, मग काडी घेऊन उकरत बसा. हे नव्या गाडीलाही होते, त्यात जुनी-नवी काही नाही. हायवेवर, म्हणजे पांढरकवड्याकडं नागपूर-हैदराबाद रोडवर, ट्रक बाजूनं गेला की गाडी हलते. अन् आता पंपावर सगळीकडं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात जुनी गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवू नका. एव्हरेज मला पंचावन्नच्या आसपास पडते, शिकताना कमी पडत होतं.

मग नवी कोणी घ्यावी? ज्याले आधीच चालवता येते त्याने. ज्याचं रोजचं अप-डाऊन पन्नास-साठ किलोमीटरचं आहे, त्याने. ज्याच्यासोबत गाडी पाहायला येणारा भरवशाचा मिस्त्री नाही त्यानेही नवीच घ्यावी, मी तर म्हणीन मिस्त्री नसला तर जुन्या गाडीचं नावच काढू नका. रोखीत पैसे नसले अन् कर्जच काढायचं असलं तरी नवी बरी, कारण जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त लावतात. अन् २०१० च्या आसपासची पंधरा-वीस हजारातली गाडी कोणी गळ्यात मारून राहिला असला तर नको म्हणा. पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग अन् वरून पर्यावरण कर, तुमचे वाचलेले पैसे तिकडं जातात.

लायसन आधी काढा हे सांगायची गरज नसावी पण आपल्याकडं आहे. लर्निंग सहा महिने चालते, ३० दिवसांनी पक्क्यासाठी टेस्ट देता येते, तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचा कॅम्प लागते तेव्हा तिथंच देऊन टाका, यवतमाळची चक्कर वाचते. हेल्मेट आयएसआयवालंच घ्या, रोडवर टोपलीत मांडलेलं नाही.

दोन वर्षांनी मी नवी घेईन, तेव्हा ही तीस-बत्तीसला सहज जाईल. भाऊचा पोरगा आत्ताच मागून राहिला, "काका, ही मलेच द्या." सतरा चालू आहे त्याले. गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण पाहिजेत अन् अल्पवयीन पोरगा सापडला तर २५,००० दंड अन् जेल पालकाला, गाडी माझी म्हणून मलाही. चावी सध्या माझ्याच खिशात राहते.